ऑगर फिरवायला कॉर्डलेस ड्रिल कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: थंड मुलखात गोठलेल्या तळ्यावर मासे धरणारी माणसं कॉर्डलेस ड्रिलला ऑगर (भोक पाडायचा पिळाचा लांब दांडा) लावून बर्फाला भोक पाडतात, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला. तसाच ड्रिल घेऊन शेतात सीताफळाची रोपं लावता येतील का, आणि कोणता घ्यावा?

लावता येतील, पण ड्रिल सगळ्यात शेवटी निवडा. आधी भोक किती रुंद, किती खोल आणि कसल्या मातीत पाडायचं ते ठरवा. माझी अंबड तालुक्यात मोसंबी आहे. चार वर्षं ड्रिलवर ऑगर चालवतोय, त्यावरून सांगतो.

बर्फ सगळीकडे एकसारखा असतो. बर्फाच्या ऑगरला खाली धारदार पाती असतात, ती बर्फ तासत जातात. म्हणून १८ व्होल्टचा चांगला ड्रिल ६ इंची, ८ इंची ऑगरही ओढतो. आपल्याकडे वर काळी, खाली मुरूम आणि मधे कुठंही गोटा. तिथं ते पातं घातलं तर पहिल्याच गोट्यावर धार जाईल. मातीचा ऑगर वेगळा मिळतो, तोच घ्या.

रुंदी थोडी वाढली तरी काम फार वाढतं. २ इंची भोकाच्या मानानं ४ इंची भोकातून चौपट माती निघते. काळ्या रानात ड्रिलवर २ ते ३ इंच सुखानं चालतं, वाफशावर (माती फार ओली नाही, फार कोरडी नाही अशी असताना) ४ इंचही जमतं. त्यापुढं ५२ किंवा ६३ सीसीचं पेट्रोलचं मशीन भाड्यानं आणा. आणि सीताफळाला दोन-दोन फुटांचा खड्डा घेऊन शेणखत-माती भरायची असेल, तर तो ड्रिलचा विषयच नाही. तिथं टिकाव-फावडं नाहीतर जेसीबी. ड्रिल कामाला येतो तो लहान पिशवीतली रोपं लावायला, टोमॅटोच्या काठ्या रोवायला आणि झाडाला खत द्यायला. मला तर तो खतासाठीच सगळ्यात जास्त उपयोगी पडला. मोसंबीची खाणारी मुळं बहुतेक वरच्या फूटभर थरात, घेराच्या कडेला असतात. तिथं झाडाभोवती आठ-दहा भोकं पाडून गांडूळखत भरतो. पूर्वी हेच काम पहारीनं करायचो तर संध्याकाळी खांदे उचलत नव्हते.

आता ड्रिल. माझा पहिला १२ व्होल्टचा होता. दुकानदार म्हणाला, चालतंय की. तिसऱ्या रांगेला त्यातून जळका वास आला आणि तो कायमचा बंद पडला. ऑगरला वेग लागत नाही, कमी वेगात पिळण्याची ताकद लागते. ती म्हणजे टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेला असतो. माहितीपत्रकात त्याचे दोन आकडे असतात, हार्ड आणि सॉफ्ट. जाहिरातीत मोठा, म्हणजे हार्ड आकडा छापतात. तो स्क्रू एकदम घट्ट बसतो त्या क्षणाचा. ऑगर सतत ओढत राहतो, म्हणून सॉफ्टचा आकडा बघा. बॉशच्या जीएसबी १८व्ही-५० चे आकडे ५० आणि २८ आहेत. घरकामाला तो उत्तम, २ इंची ऑगरही चालेल. मकिताच्या डीएचपी४८१ चे ११५ आणि ६०. ३ इंच आणि त्यावर जायचं तर या ताकदीचाच घ्या, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर आणि १३ मिलिमीटर चकचा (चक म्हणजे ऑगरचा दांडा पकडणारा पुढचा जबडा). इम्पॅक्ट ड्रायव्हर मात्र नको, तो ठोके देत फिरतो.

व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. १८ आणि '२० व्होल्ट मॅक्स' एकच: आत ३.६ व्होल्टचे पाच सेल. स्वस्त ड्रिलवर ४८, ८८ असले आकडे छापलेले असतात, पण बॅटरी उघडली की बहुतेकदा पाचच सेल निघतात. बॅटरी ५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) घ्या, शक्यतो दोन. माझ्या काळ्या रानात वाफशावर २ इंची, फूटभर खोल अशी साठ-सत्तर भोकं एका बॅटरीत होतात.

बाजूची मूठ ज्या ड्रिलला येत नाही तो घेऊच नका, हे मी कळकळीनं सांगतो. एकदा घाईत मूठ खोक्यातच राहिली. आठ-नऊ इंचांवर ऑगरचं टोक गोट्यात अडकलं. ऑगर जागीच थांबला आणि ड्रिल माझ्या हातात गरकन फिरला, वासरू दावं हिसकतं तसा. मनगट पिळवटलं, अंगठ्याच्या बुडाशी सूज आली, आठ दिवस धार काढता आली नाही. आता मूठ लावल्याशिवाय बॅटरी बसवत नाही. पाय फाकून उभं राहायचं, गिअर १ वर, चकमागचं फिरतं कडं ड्रिलच्या खुणेवर, हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद. चार-चार बोटं खाली गेलं की वर उचलून माती झटकायची. अडकलं तर ओढाताण न करता उलटं फिरवून काढायचं.

आणि वाफसा सोडून जाऊ नका. ओली काळी ऑगरला लोण्यासारखी चिकटते, शिवाय भोकाची भिंत गुळगुळीत होते. मग मुळं आत शिरत नाहीत, तिथल्या तिथं गोल फिरतात. भिंत चकाकलेली दिसली तर खुरप्यानं खरवडून मगच रोप लावा. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळीत तर ड्रिल घालूच नका.

बर्फातली माणसं बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतात, कारण थंडीत ती लवकर उतरते. आपलं उलट. मे महिन्यात काम करून तापलेली बॅटरी चार्जर घेतच नाही, नुसता दिवा लुकलुकतो. चार्जर बिघडला असं समजू नका. बॅटरी काढून लिंबाखाली सावलीत अर्धा तास ठेवा, मग लावा. पाण्यानं गार करायला जाऊ नका.

तुमची जमीन काळी की मुरमाड, आणि रोपाची पिशवी केवढी, तेवढं कळवा. ऑगर किती इंची घ्यायचा ते सांगतो.