लीड्सला मुलाकडे कायमचं जायचं म्हणताय?

ताई, निवृत्तीनंतर पुण्यातला फ्लॅट विकून दोघांनी इंग्लंडमध्ये लीड्सला मुलाकडे कायमचं यावं का, आणि आमच्या वयाच्या माणसांचा इथे आठवडा कसा जातो, असं तुम्ही विचारलंत.

फ्लॅट विकू नका. व्हिजिटर व्हिसावर साधारणपणे एका वेळी सहा महिनेच राहता येतं. आई-वडिलांना कायमचं आणायचे नियम २०१२ पासून फार कडक झालेत. रोजच्या साध्या कामांनाही दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी सोय भारतात होऊच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. तुम्ही दोघं धडधाकट आहात, त्यामुळे ती वाट सध्या बंदच समजा. एप्रिल ते सप्टेंबर येऊन राहा. आरोग्य विमा काढाच, व्हिजिटरला हॉस्पिटलात दाखल केलं तर बिल भरावं लागतं.

आम्ही नोकरीसाठी आलो आणि इथेच निवृत्त झालो, लीड्सपासून रेल्वेने अर्ध्या तासावर इल्कलीला. आमचा निम्मा आठवडा बागेत जातो. मेअखेरीस दंवाची भीती सरली की मेथी, घेवडा बाहेर. कोथिंबीर थोडी थोडी पेरायची, कारण जूनचा दिवस इतका लांब की ती लगेच फुलावर येते. बिनशंखाच्या गोगलगायी घेवड्याची कोवळी रोपं एका रात्रीत बुडख्यापर्यंत खातात. अंधार पडायलाच दहा वाजून जातात, मग हे टॉर्च घेऊन पानाखालून एकेक वेचतात. मुलाच्या घराला अंगण नसेल तर कौन्सिलची अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याची जमीन, मिळते. यादी लांब असते, त्याला आत्ताच नाव घालायला सांगा.

बुधवारी नदीकाठाने ॲडिंगहॅमपर्यंत चालून आलो. विंडरमिअर तळ्याकडे जाणारी ऐंशी मैलांची डेल्स वे ही पायवाट इल्कलीच्या जुन्या पुलापासूनच सुरू होते. इथे खासगी शेतांतूनही हक्काच्या पायवाटा आहेत, पिवळा बाण दिसला की बिनधास्त जायचं. गायींसोबत वासरं असली तर मात्र लांबून वळसा घाला. मला हा देश आपला वाटायला लागला तो या वाटांमुळेच.

रविवारी सकाळी सांगलीला फोन. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे, आमचा चहा होतो तेव्हा त्यांची जेवणं आटोपलेली असतात. या वेळी कळलं, धाकट्या जावेचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि भाचीच्या मुलीचं बारसं ठरलं. आनंद झालाच, पण पाळण्याशी आपण नसणार हे टोचतंच. आत्या गेली तेव्हा मी विमानतळावर पोचण्याआधीच तिकडे सगळं उरकलं होतं. हे दोघांना सोसवेल का, ते एकमेकांशी स्पष्ट बोला.

आणि एकदा डिसेंबरही काढून बघा. पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, मुलगा-सून सहानंतर येतात. मधले तास तुम्हालाच भरावे लागतील, वाचन, विणकाम, ग्रंथालय, काहीही.

बियाणं सामानातून आणू नका, त्याला सरकारी दाखला लागतो. इथल्या दुकानातले मेथीदाणे पेरले तरी छान उगवतात.