मिस्टर गुप्ता कोण?

प्रिय चिऊ,

फ्रिजवर चिकटवलेली तुझी चिठ्ठी काल ड्यूटीला निघताना वाचली. 'मिस विचारतात मिस्टर गुप्ता कोण? आणि आपल्याकडचे सगळे एक जास्त का देतात? बाकीच्यांच्या कार्डवर 10, 20, 50 आहे. माझ्या कार्डवर 11, 21, 51. का?' खाली एक रागावलेला चेहरा काढलायस. राग माझ्यावर की गुप्तांवर, ते काही कळलं नाही.

आत्ता रात्रीचे तीन वाजलेत. वॉर्ड निजलाय, माझा ब्रेक आहे आणि मशीनचा चहा नेहमीसारखाच बेचव आहे. म्हणून लिहायला बसले. जोडाक्षर अडलं तर सोडून पुढे जा, रविवारी दोघी मिळून वाचू.

आधी गुप्ता. इथे आयर्लंडमधल्या तुझ्या शाळेच्या मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या आणि त्यासाठी कोण किती युरो देणार ते कार्डवर लिहून आणायचं, म्हणून तू व्हिडिओ कॉलवर अख्खं नाशिकरोड गोळा केलंस. आजोबा, मामा, मावशी, शेजारच्या काकूसुद्धा. आजीची पाळी आली तशी ती म्हणाली, "माझं नाव नको घालू गं, गुप्तदान लिही." तू ते ऐकलं तसं इंग्रजी अक्षरांत लिहून टाकलंस, मिसनी 'गुप्ता डॅन' असं वाचलं आणि आपल्या घराण्याला एक नवा दानशूर नातेवाईक मिळाला.

गुप्तदान म्हणजे देणाऱ्याचं नाव न सांगता दिलेलं. आपल्याकडे देवळातल्या पेट्यांवर हा शब्द रंगवलेला असतो. संक्रांतीला तर तिळाच्या लाडवात नाणं दडवून तो लाडू देतात. घेणाऱ्याला घरी जाऊन लाडू फोडल्यावर कळतं. (दात सांभाळून खावा लागतो. तुझ्या मामाची एक दाढ अशीच दुखावली होती.) 'या हातानं दिलेलं त्या हाताला कळू नये', हे आजीचं पेटंट वाक्य. मी लहान असताना मला वाटायचं, ही तिच्या माहेरची म्हण. मग कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी बायबलमधून तेच वाचून दाखवलं, की दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. मी घरी पळत येऊन आजीला सांगितलं की तुझी म्हण येशूनं घेतलीय. आजी पोळ्या लाटत होती. म्हणाली, "घेऊ दे की." तू राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या दिवशी, वर्गाबरोबर चर्चमध्ये गेली होतीस ना, त्या दिवशी वाचतात तो बायबलमधल्या मत्तयाचा उतारा हाच. तू बहुतेक पुढच्या मुलाच्या कपाळावरची राख बघत असशील.

आता तो एक.

आजीला विचारलंस तर ती सांगेल, शून्यावर थांबू नये. शंभर दिले की हिशेब मिटला, एकशे एक दिले की पुढे चालू राहिला. म्हणून लग्नामुंजीच्या आहेराच्या पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवलेलंच मिळतं, विसरायला नको. त्याआधीच्या काळात सव्वा असायचा. सव्वा रुपया, सव्वापाच रुपये दक्षिणा, सत्यनारायणाच्या प्रसादाला सव्वा किलो रवा. आख्ख्याच्या वर थोडंसं, एवढंच त्याचं गणित. गेल्या वर्षी तुझ्या मैत्रिणींचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा समारंभ, झालं तेव्हा त्यांना कार्डात घालून नोटा मिळाल्या होत्या ना, वीस, पन्नास? मी तेव्हा बाबांना म्हटलं होतं, हा आपला आहेरच की, फक्त वरचा रुपया तेवढा राहिला.

पण शून्याचं ते कारण मला कधी पूर्ण पटलं नाही. त्यातून तुझ्या आजोबांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये गेलेली. 1928 पासून तिथे नोटा छापतात. दिवसभर शंभराच्या गड्ड्या डोळ्यांसमोरून जायच्या, सगळ्या शून्यावर संपणाऱ्या. त्या माणसाला शून्य अशुभ वाटून कसं चालेल? तरी आहेर ते एकशे एकच करतात.

मला जे पटलं ते चौथीत असताना, आणि ते कोणी समजावून सांगितलेलं नाही.

1993 साल. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. आमच्या जेलरोडच्या मंडळाचा गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला तिकडे लातूर-उस्मानाबादकडे, किल्लारीला भूकंप झाला. तिथली घरं दगडमातीची, वर मातीचं जड माळवद. झोपेतच माणसांवर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांच्याकडेही आदल्या रात्री गणपतीच बोळवले होते, हे आजी पुढे कितीतरी दिवस बोलायची.

पुढच्या आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली, कपडे पाठवा. आमच्या वर्गाच्या सिस्टर केरळच्या. मराठी हट्टानं बोलायच्या पण 'तो साडी' आणि 'ते चादर' म्हणायच्या, आम्ही वहीत तोंड खुपसून हसायचो. चिठ्ठीत शेवटी त्यांनी हातानं एक ओळ लिहिली होती: जे तुम्ही स्वतः घालाल, तेच द्या.

आजीनं त्याआधी एक गाठोडं काढून ठेवलंच होतं. बोहारीण यायची ना आमच्याकडे, जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी, तिच्यासाठी साठवलेल्या साड्यांचं. चिठ्ठी वाचून आजी गाठोड्याशेजारी बसली. मग ते सोडून परत बांधलं, कपाटाकडे गेली आणि दसऱ्याला नेसायची म्हणून मेनरोडवरून आणलेली मोरपंखी सुती साडी काढली. नुकतीच फॉल-पिको करून आलेली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त पेपर खाली ठेवला.

साडी कोरडी देत नाहीत. बरोबर खण देतात, हळदकुंकू देतात. आजीनं खण ठेवला, कुंकवाची पुडी ठेवली. घडीवरून हात फिरवत थोडा वेळ थांबली आणि पुडी काढून घेतली. मी का म्हणून विचारलं. "जिला मिळेल तिचा नवरा राहिलाय की नाही, काय माहीत," म्हणाली. मग पदराच्या टोकाला एक रुपयाचं नाणं गाठीत बांधलं.

शाळेच्या हॉलमध्ये ढिगारे होते. नाशिककरांनी भरभरून दिलं होतं. त्यात एकेक चप्पल होती, सुटाचा कोट होता, जरीचा फाटका फ्रॉक होता. बोहारणीनंही परत केले असते असे कपडे. सिस्टरनी ते बाजूला काढायला लावले. आठवी-नववीच्या ताया बटणं शिवत होत्या. बटण तुटका शर्ट म्हणजे घेणाऱ्याला आणखी एक काम, असं सिस्टरांचं म्हणणं. आम्हा चौथीवाल्यांकडे चपलांचे जोड लावायचं खातं होतं. इतका मानाचा हुद्दा मला नंतर नोकरीतही मिळाला नाही.

प्रत्येक कपडा सिस्टर स्वतः उलगडून बघायच्या. मोरपंखी साडीची गाठ त्यांच्या हाताला लागली. पैसे वेगळ्या डब्यात टाकायचे, वहीत लिहायचे, असा नियम होता. त्यांनी गाठ सोडली, नाणं तळहातावर घेतलं आणि विचारलं, हे कोणाचं? मी भीत भीत हात वर केला. "आईनं बांधलंय. नुसती साडी देत नाहीत."

"का देत नाहीत?"

मला उत्तर येत नव्हतं. डोळ्यांसमोर आलं ते बोललं, "मावशीला देताना पण असंच देते."

सिस्टरनी नाणं परत पदरात ठेवलं आणि गाठ मारली. मारता येत नव्हती त्यांना, बँडेज बांधल्यासारखी मारली. मग वहीत ओळ लिहिली: 1 साडी, 1 खण, 1 रुपया. नाव लिहिलं नाही. मीही सांगितलं नाही.

तर माझ्यापुरतं उत्तर ते आहे, चिऊ. साडी ही मदत, आणि वरचा रुपया हा मान. नुसती मदत कोणालाही करतात, रस्त्यावरच्या अनोळखी माणसालासुद्धा. वरचा रुपया आपल्या माणसाला देतात. किल्लारीच्या त्या बाईला आजीनं बहिणीचा आहेर केला होता. तिच्यापर्यंत ती साडी पोचली का, गाठ तिनं पाहिली का, हे आम्हाला कळायचा काही मार्ग नव्हता.

आता तुझ्या शाळेबद्दल माझं एक मत सांगते. इथे आयर्लंडमध्ये दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत. त्यामुळे तुला त्या शाळेत घातलं तेव्हा आम्ही फार विचार केला, असं समजू नकोस, जवळची होती. पण केक सेल, बिनयुनिफॉर्मचा दिवस, सँडविच करणाऱ्या आया, पार्किंगला उभे राहणारे बाबा, हे सगळं पाहिलं आणि मला आमच्या गल्लीतलं गणपती मंडळ आठवलं. तीच धावपळ, तीच भांडणं, आणि कोणाच्या केकला जास्त गिऱ्हाईक त्यावरून तोच रुसवा. ट्रोकराचा तो पैसे साठवायचा पुठ्ठ्याचा डबा तू ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरी आणतेस, तोही मला परका वाटत नाही. ट्रोकरा ही मदतसंस्था इथल्या बिशपांनी 1973 साली काढली. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागत होते. त्याला पैसा फंड म्हणायचे. त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एकेका पैशातून कारखाना! तू तुझ्या डब्यात पाच सेंट टाकताना तोंड वाकडं करतेस म्हणून सांगितलं.

आणि तुझ्या शाळेची एक गोष्ट मला आमच्या शाळेपेक्षा बरी वाटते. मी सहावीत असताना म्हाताऱ्या माणसांच्या मदतीसाठी वर्गणीचे फॉर्म वाटले होते. चांगलं काम होतं. पण जास्त गोळा करेल त्याला भिंतीवरचं घड्याळ, असं बक्षीस लावलं. झालं, मुलं वसुलीला निघाल्यासारखी दारं वाजवायला लागली. आमच्या बिल्डिंगमध्ये एका संध्याकाळी चौघं जण आले, पाचव्याला काकूंनी दार उघडलंच नाही. घड्याळ कोणाला मिळालं असेल? ज्याच्या वडिलांचं मोठं दुकान होतं त्याला. ते एक वेळ सोड. पण प्रार्थनेच्या वेळी ज्यांचे फॉर्म कोरे त्यांना उभं केलं. माझ्या शेजारची मुलगी उभी राहिली. तिच्या वडिलांची कंपनी दोन महिन्यांपूर्वी बंद पडली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, बाईंनाही. ती खाली बघून फ्रॉकचा पट्टा गुंडाळत राहिली. मला आजही त्या दिवसाचा राग येतो. तुमच्याकडे फक्त शाळेची एकूण रक्कम सांगतात, कोणी किती आणले ते नाही. तेवढं ठेवा म्हणावं.

म्हणून कार्डवर कमी पैसे असले तर लाजायचं नाही, आणि जास्त असले तर मिरवायचं नाही. तू परवा बसमध्ये मिरवत होतीस. मी मागेच उभी होते.

तर मिसना काय सांगायचं? सांग की मिस्टर गुप्ता नावाचं कोणी नाही, ती आमच्याकडची एक पद्धत आहे, आणि देणारी बाई दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाते, मेणबत्ती लावते आणि तिथल्या पेटीत किती टाकते ते नवऱ्यालाही सांगत नाही. तेव्हा त्यांनाही कळणार नाही. फारच विचारलं तर ओळ आहे तशी राहू दे. मी आजीला फोनवर हा घोटाळा सांगितला तर इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "गुप्ता कशाला? गुप्ते म्हणावं, जरा आपल्यातले तरी वाटतील."

आजोबांचं मात्र तसं नाही. त्यांच्या नावापुढे 21 युरो आहेत आणि त्यांनी दोनदा विचारलंय की पावती मिळते का. गणपतीची अकरा रुपये वर्गणीसुद्धा पावती फाडल्याशिवाय दिली नाही त्यांनी कधी, आणि नंतर मंडळाचा जमाखर्च फळ्यावर लागला की चष्मा लावून वाचायला जायचे. तुझ्या शाळेत पावतीपुस्तक नसणार. पैसे दिल्यावर मिसची सही झालेल्या कार्डचा फोटो काढ आणि त्यांना पाठव, नाहीतर तिसरा फोन मला येईल.

डब्यात पोळीचा रोल आहे. आजीचे 51 ओट्यावरच्या पाकिटात आहेत. नोट एक आणि नाणं एक, नाणं वेगळं काढू नकोस.

तुझी,
आई