जे कीस्लिंग यांच्या यीस्टवरच्या संशोधनाचा प्रत्यक्ष परिणाम किती?

तुम्ही विचारलं आहे की बर्कलीचे जैव-अभियंते जे कीस्लिंग यांच्या जनुकं बदललेल्या यीस्टपासून आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध बनवणारा कारखाना लवकरच थंडावला, तर मग या संशोधनाचं एवढं नाव का होतं? माझ्या मते त्याचा परिणाम औषधाच्या टनांत मोजणंच चूक आहे. त्यांनी सूक्ष्मजीवांत बांधलेला मेव्हॅलोनेट मार्ग (साध्या रेणूंपासून असे पदार्थ घडवणाऱ्या अभिक्रियांची साखळी) आणि त्यातल्या अडचणी शोधायची पद्धत आज या क्षेत्रात अनेक जण वापरतात.

आर्टेमिसिनिनचा १५ कार्बनचा सांगाडा एफपीपी (फार्नेसिल पायरोफॉस्फेट) या रेणूपासून येतो. एक एफपीपी बनवायला मेव्हॅलोनेट मार्गाने ९ अ‍ॅसिटिल-कोए (कार्बनचा कच्चा माल), ९ एटीपी (ऊर्जा) आणि ६ एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) खर्च होतात. पेशी आपणहून एवढी उधळपट्टी करत नाही. ई. कोलाय या जिवाणूचा स्वतःचा मार्ग वेगळा असतो आणि त्यावर पेशीचं कडक नियंत्रण असतं. २००३ मध्ये कीस्लिंग यांच्या बर्कलीतल्या गटाने यीस्टची जनुकं ई. कोलायमध्ये बसवून ते नियंत्रण टाळलं आणि अ‍ॅमॉर्फाडाइन हा आर्टेमिसिनिनच्या आधीचा रेणू मिळवला. त्यात दोन गोष्टी आडव्या आल्या. एक, एचएमजी-कोए हा मार्गातला मधला रेणू साचला की मेदाम्लांची निर्मिती अडते आणि वाढ खुंटते. त्यामुळे त्याला पुढे नेणारं एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) वाढवावं लागतं. दोन, अ‍ॅमॉर्फाडाइन बाष्पनशील असल्याने हवेबरोबर उडून जातं. माध्यमावर त्याला धरून ठेवणाऱ्या डोडेकेन या तेलकट द्रवाचा थर दिला नाही, तर उत्पादन आहे त्यापेक्षा कितीतरी कमी दिसतं. शेक फ्लास्कवर (हलवत ठेवायच्या लहान चंबूंवर) काम करणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

पुढची पायरी, म्हणजे अ‍ॅमॉर्फाडाइनला ऑक्सिजन जोडून आर्टेमिसिनिक आम्ल करणं, पी४५० या विकराची. ते पेशीच्या आतल्या पटलाला चिकटून काम करतं आणि तशी पटलं यीस्टमध्ये असतात, ई. कोलायमध्ये नसतात, म्हणून गट यीस्टकडे वळला. २००६ मध्ये लिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल मिळालं; त्यापासून रासायनिक प्रक्रियेने आर्टेमिसिनिन बनतं. एफपीपीचा मोठा वाटा स्क्वालिन सिंथेज या विकराकडे वळतो, पण ते जनुक (ईआरजी९) काढून टाकता येत नाही, कारण त्या वाटेने बनणाऱ्या अर्गोस्टेरॉल या पटलातल्या मेदाशिवाय यीस्ट जगत नाही. म्हणून त्याला एमईटी३ प्रमोटर (जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा भाग) लावला: मेथिओनिन घातलं की जनुक मंदावतं, आणि तेही पेशी पुरेशा वाढल्यावर घालायचं.

खरी शिकवण २००६ ते २०१३ या काळात आहे. कीस्लिंग यांच्या सहभागाने सुरू झालेल्या अमिरिस कंपनीने मार्गाची जनुकं गॅलॅक्टोज साखरेने चालू होणाऱ्या प्रमोटरखाली आणली आणि त्यांना दाबून ठेवणारं जीएएल८० हे जनुक काढून टाकलं, म्हणजे महागडं गॅलॅक्टोज घालायची गरज उरली नाही. अ‍ॅमॉर्फाडाइन लिटरला ४० ग्रॅमच्या वर गेलं. पण पी४५० जोडताच पेशी मरू लागल्या, कारण त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारं सोबतचं रिडक्टेज प्रमाणाबाहेर असलं की इलेक्ट्रॉन गळतात आणि घातक ऑक्सिजन-रूपं तयार होतात. रिडक्टेज कमी केलं, सायटोक्रोम बी५ हे मदतनीस प्रथिन जोडलं, आणि मधल्या टप्प्यातलं विषारी आल्डिहाइड साचू नये म्हणून वनस्पतीचीच दोन डिहायड्रोजिनेज विकरं घातली. आयसोप्रोपिल मायरिस्टेट या तेलकट द्रवाच्या थरासह लिटरला २५ ग्रॅम आम्ल मिळालं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की फक्त जनुकांच्या प्रती वाढवून हे जमलं नसतं. विकरांचं परस्परप्रमाण जुळवावं लागलं.

सनोफी या औषध कंपनीने इटलीतल्या गारेसियोत मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. त्यांचा भाव किलोला ३५० डॉलरच्या आसपास होता. त्याच सुमारास शेतीतून येणारं आर्टेमिसिनिन २५० डॉलरच्याही खाली घसरलं. २०१५ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं आणि नंतर कारखाना विकला गेला. थोडक्यात, जीवशास्त्र यशस्वी होतं, पण भाव परवडला नाही.

तोच यीस्ट मात्र दुसरीकडे चालला. अ‍ॅमॉर्फाडाइन सिंथेजऐवजी फार्नेसिन सिंथेज घातलं आणि ब्राझीलच्या ब्रोटासमध्ये उसाच्या रसापासून फार्नेसिन हा तेलकट पदार्थ निघू लागला. त्यापासून बनणाऱ्या स्क्वालेनमुळे सौंदर्यप्रसाधनांसाठी शार्कच्या यकृताच्या तेलाला पर्याय मिळाला. २०१६ मध्ये अमिरिसने मध्यवर्ती चयापचयच बदलून तितक्याच साखरेतून २५ टक्के जास्त फार्नेसिन काढलं, तेही ७५ टक्के कमी ऑक्सिजनमध्ये. मोठ्या टाक्यांत ऑक्सिजन पोहोचवणं हीच मर्यादा असते, म्हणून दुसरा आकडा मला पहिल्याहून मोठा वाटतो.

२०२२ मध्ये कीस्लिंग यांच्या सहभागाने झालेल्या कामात आपल्या अंगणातल्या सदाफुलीचा मार्ग यीस्टमध्ये उतरला: ३० विकरी पायऱ्या, ५६ जनुकीय बदल, आणि त्यातून व्हिनब्लास्टिन या कर्करोगाच्या औषधाचे पूर्वगामी रेणू. उत्पादन तेव्हा लिटरला मायक्रोग्रॅमांत होतं. शोधनिबंध वाचताना या टप्प्यावर ग्रॅम प्रति लिटर पाहून निराश होऊ नका. कोणता मधला रेणू साचतोय आणि कोणतं पी४५० अडतंय ते पाहा. आर्टेमिसिनिक आम्लाच्या बाबतीत १०० मिलिग्रॅमचे २५ ग्रॅम झाले ते तिथूनच.