शेततळ्यातले चिलापी पटापट मरतायत. विषाणू आहे का, हे लॅबमध्ये कसं ओळखतात?

आधी बघा, मासे मरतात कधी. पहाटे तोंड वर काढून हवा ओढतात आणि ऊन चढल्यावर सावरतात, तर ऑक्सिजन कमी पडतोय. त्याला लॅब नको, पाणी खेळवा. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तळं आटतं, तापतं, आणि खापर फुटतं विषाणूवर.

तसं नसेल तर नमुना पाठवा, पण नीट. मी मूळचा मोहोळचा, मुंबईत माशांच्या रोगांच्या लॅबमध्ये पीसीआर, म्हणजे जनुकीय तुकडा वाढवून विषाणू ओळखायची चाचणी, करायचो. एकदा गावाकडचे एक काका सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर बसून आले, स्टीलच्या डब्यात चार मासे घेऊन. झाकण उघडलं आणि आम्ही सगळे बाहेर पळालो. कल्ले पांढरेफटक, यकृताचा नुसता चिखल. त्यात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, कुठला टिकायला? रिपोर्ट निगेटिव्ह आला असता तरी त्याला काही अर्थ नव्हता. काकांना चहा पाजून परत पाठवलं, वाईट वाटलं.

म्हणून मेलेला नको, मरायला टेकलेला मासा धरा. काठाला रेंगाळणारा, हात लावला तरी न पळणारा. यकृत, मेंदू, प्लीहा, मूत्रपिंडाचे छोटे तुकडे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जातात, काही १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. कापाकापी जमत नसेल तर मत्स्य खात्याच्या माणसाला बोलवा.

चिलापीत, म्हणजे टिलापियात, पहिला संशय टिलापिया लेक व्हायरसचा. त्याची नोंद २०१४ मध्ये इस्रायलमधून झाली, भारतात २०१८ मध्ये. हा आरएनए विषाणू, म्हणून कोविडसारखीच आरटी-पीसीआर: आरएनएचा डीएनए करायचा आणि ठराविक तुकडा वाढवून बघायचा. मशीन तेच, प्रायमर (नेमका तो तुकडा शोधणारे डीएनएचे छोटे धागे) वेगळे. त्यामुळे गल्लीतल्या पॅथॉलॉजीवाल्याकडे हे होणार नाही. फॉर्मॅलिनमधला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो. या रोगात यकृताच्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांचे गोळे झालेले दिसतात. एकदा बघितलं की विसरत नाही.

नुसत्या पॉझिटिव्हवर मात्र जाऊ नका. विषाणू अंगात असतो आणि मारतो एरोमोनास जिवाणू, असंही होतं. दोन्ही तपासायला सांगा.

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत आधी फोन करून विचारा, मग गाडीत बसा. आणि मेलेले मासे ओढ्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा.