माजी सैनिकांच्या आरोग्याचा सर्व्हे करताय? जवानाला नको, घराला विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रोजेक्टसाठी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या माजी सैनिकांच्या आरोग्याच्या आणि राहणीमानाच्या गरजा शोधायच्या आहेत. साठेक प्रश्नांचा गूगल फॉर्म तयार आहे आणि तो माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा विचार आहे. एवढ्यानं भागेल का?

नाही भागणार. फॉर्म भरून येतील, भरपूर येतील, पण त्यातून गरज कळणार नाही. मी फौजी घरातली आहे. वडील सुभेदार म्हणून पेन्शनीत आले, सासरीही फौजच. शिवाय याच पट्ट्यात आरोग्य सर्वेक्षणांची कामं बरीच केली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बघा, त्या ग्रुपवर असतो कोण? चाळिशीच्या आसपास निवृत्त झालेला, बँकेत नाहीतर कुठल्या कारखान्यात सिक्युरिटीला लागलेला, रोज सकाळी 'जय हिंद' टाकणारा गडी. त्याची तब्येत ठणठणीत असते. अंथरुणाला खिळलेले हवालदार, माहेरी परत गेलेली विधवा, मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेनं दिलेली तब्येतीची श्रेणी, घसरल्यामुळे लवकर घरी आलेला आणि त्यानंतर कुणात न मिसळणारा जवान, ही मंडळी ग्रुपवर नसतात. तुमचा सर्व्हे आहे तो त्यांच्यासाठीच.

दुसरं म्हणजे फौजी माणसाला 'तब्येत कशी आहे?' विचारलं की उत्तर ठरलेलं: 'एकदम फिट.' सगळी नोकरी ज्यानं कॅटेगरी वाचवण्यात काढली, तो निवृत्तीनंतर अनोळखी पोरापुढं दुखणं कशाला उघडं करेल? त्यामुळे 'तुम्ही आरोग्यसेवेबाबत कितपत समाधानी आहात, १ ते ५' हा प्रश्न सरळ काढून टाका. भावना विचारू नका, घडलेलं विचारा. शेवटचं आजारपण कधी झालं? त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला दाखवलं? गाडी कुणी केली, खिशातून किती गेले, रोजगार कुणाचा बुडाला? ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकचं रेफरल, म्हणजे पुढं पाठवायची चिठ्ठी, मिळून प्रत्यक्ष पॅनेलवरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत किती दिवस लागले? जे औषध मिळालं नाही ते बाहेरून घेतलं की घेतलंच नाही? ईसीएचएस योजना २००३ साली सुरू झाली. कार्ड बहुतेक पेन्शनरांकडे आहे. 'कार्ड आहे का?' याला सगळे 'हो' म्हणणार. ते कार्ड गेल्या सहा महिन्यांत पाकिटातून बाहेर निघालं का, हे विचारा.

ऐकण्याचं उदाहरण देते. इन्फंट्रीत आणि तोफखान्यात वर्षानुवर्षं काढलेल्यांचे कान गेलेले असतात, पण तसं कबूल कुणी करत नाही. एका घरी सुभेदारसाहेब मला ठासून सांगत होते की ऐकायला काही तक्रार नाही. तेवढ्यात सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, 'बातम्या लागल्या की शेजारच्यांना वेगळा टीव्ही लावायला नको.' साहेबही हसले. तेव्हापासून मी कानांबद्दल घरातल्याच माणसाला विचारते: टीव्हीचा आवाज कोण वाढवतं? फोनवर बोलताना बाबा स्पीकर लावतात का? गुडघ्यांचंही तसंच. 'सांधेदुखी आहे का?' याला 'नाही' येतं. 'बसमध्ये चढताना दांडा दोन्ही हातांनी धरावा लागतो का?' याला खरं उत्तर येतं.

म्हणून म्हणते, सर्व्हेचं एकक जवान नव्हे, घर धरा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळे इथल्या कित्येक गावांत एकाच चौकटीत फौजेच्या दोन-तीन पिढ्या नांदतात: फॅमिली पेन्शनवरची आजी, निवृत्त वडील आणि कुठंतरी सीमेवर असलेला मुलगा. मुलगा ड्यूटीवर असताना सासऱ्याची साखर, सासूचा मोतीबिंदू, पोराची शाळा आणि रेशनची रांग हे सगळं एकटी सून ओढते. ती ना माजी सैनिक, ना पेन्शनर. तुमच्या साठ प्रश्नांत तिच्यासाठी एकही रकाना नसेल, हे मी फॉर्म न बघता सांगते. तिची झोप, तिची पाठ, तिला डॉक्टरकडे जायला सोबत कोण, हे विचारलंत तर राहणीमानाचा निम्मा भाग तिथंच मिळेल.

पण तिच्याशी वेगळं बसायला पाहिजे. सासरे समोर खुर्चीत असताना ती काही बोलत नाही. दुपारची जेवणं आटोपली की परसात नाहीतर स्वयंपाकघरात बसा, आणि त्यासाठी सोबत एक मुलगी असू द्या. दारूचा विषयही असाच. लष्करी कॅन्टीनमधून दारूचा कोटा मिळतो, त्यामुळे बाटली घरात असणं कुणाला वावगं वाटत नाही. नवऱ्याला सरळ त्याच्याबद्दलच विचारा, 'आठवड्यात किती दिवस?' बायकोला तो प्रश्न त्याच्या कानावर पडेल असा कधीच विचारू नका. तुम्ही निघून जाल, तिला तिथंच राहायचंय.

मानसिक आरोग्यासाठी तयार साधनं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची जीवनमान मोजणारी प्रश्नावली आहे, नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आहे. वापरा, फक्त पीएचक्यूचा नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराबद्दल आहे हे ध्यानात ठेवा. कुणी 'हो' म्हणालं तर त्याच दिवशी काय करायचं, कुणाला फोन लावायचा, हे गाइडसोबत आधी ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, तो चिठ्ठीवर लिहून प्रत्येक घरी द्या. एवढी तयारी नसेल तर तो प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सीमाभागाची खास गोष्ट. फॉर्ममध्ये वरतीच 'मातृभाषा' हा रकाना असेल तर तो उचलून शेवटी टाका, नाहीतर काढाच. आपल्याकडं असा कागद घेऊन कुणी दारात आलं की घरातला माणूस आधी तुम्ही कुणाच्या बाजूचे ते ताडून बघतो. मग गुडघे राहतात बाजूला आणि गप्पा सीमाप्रश्नावर जातात, चहा दोनदा होतो. त्यापेक्षा 'कुठल्या भाषेत बोलू?' एवढं विचारा. खानापूर-निपाणीकडं मराठी चालेल, गोकाक-हुक्केरीकडं कन्नडशिवाय अडेल. फॉर्म दोन्ही भाषांत छापलेला हवा.

आणि नमुना राज्याच्या हद्दीवर कापू नका. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, पण बाजार आणि मोठा दवाखाना म्हटलं की तिथली माणसं बेळगावची बस धरतात. उपचार केंद्र सरकारच्या योजनेतून आणि राज्याच्या सैनिक कल्याण खात्याच्या सवलती मात्र ज्या त्या राज्यातून, म्हणजे चंदगडच्या विधवेला कागदांसाठी कोल्हापूर आणि तपासणीसाठी बेळगाव. ही दुहेरी फरफट मोजणारे दोन प्रश्न घाला. तेवढ्यावरही प्रोजेक्ट उभा राहील.

सेवेत असलेल्या जवानांना या सर्व्हेत धरू नका. त्याला लष्कराची परवानगी लागते. कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, फॉर्म घेऊन फिरूही नका. हिंडलगा, गणेशपूर भागात भाड्यानं राहणारी कुटुंबं भेटतील, त्यांना आरोग्याचं जरूर विचारा, पण जवान कुठल्या युनिटला आहे, कुठं आहे, सुट्टीवर कधी येणार, यातलं काही विचारायचं नाही आणि त्यांनी सांगितलं तरी लिहायचं नाही. पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर, आधार, सर्व्हिस नंबरही नको. पेन्शनच्या नावानं ओटीपी मागून पैसे लुबाडणारे इतके झालेत की नंबर मागितलात तर दार बंद झालंच समजा, आणि ते बरोबरच आहे. कॉलेजच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि कॉलेजचं पत्र खिशात असू द्या.

अग्निवीरांचा रकाना आत्तापासून ठेवा. २०२२ च्या योजनेत चार वर्षांची सेवा आहे आणि मूळ अटींप्रमाणे त्यानंतर पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. पहिल्या तुकड्यांतली पोरं परत येतील तेव्हा त्यांची नोंद कुठल्याच कार्यालयाच्या यादीत सहजी सापडणार नाही.

माणसं शोधायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. यादी ते बहुधा देणार नाहीत, पण तुमचा निरोप पोचवतील. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर बाहेर पडतात, तेव्हा ओळखी चांगल्या होतात. तिथं फॉर्म भरत बसू नका. ज्यांना चालवत नाही त्यांचे पत्ते तिथं आलेल्यांकडून घ्या आणि मग घरी जा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र खानापूरकडं जाऊ नका. भाताची रोपं लावायला सगळे शेतात असतात, आणि घरी सापडेल तो खरोखरच आजारी असेल, त्यानंही आकडा बिघडतो. साठ प्रश्नांचे पंचवीस करा, एका गावात चालवून बघा आणि मग इथं टाका, मी वाचून सांगेन.