विहिरीत पोहायला शिकलेल्या पोरांचा वॉटर पोलो संघ उभा राहील का?

तुम्ही विचारलंय की चोपड्याकडच्या कॉलेजात वॉटर पोलोचा, म्हणजे पाण्यात पोहत हाताने चेंडू गोलात टाकायच्या सांघिक खेळाचा, क्लब सुरू करायचाय, तलाव 25 मीटरचा पण निम्मा उथळ, पोरं सगळी विहिरीत शिकलेली, शर्यतीत पोहणारा एकही नाही. मग जमेल का? जमेल. जळगाव जिल्ह्यातच एका कॉलेजचा असा क्लब मी पहिल्यापासून उभा करतोय, म्हणून ठामपणे सांगतो.

विहिरीतली पोरं हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल. विहिरीला उथळ बाजू नसते. पाठीला डबा बांधून उतरलेल्या पोराला पाय टेकायला जागाच मिळत नाही, त्यामुळे उभं पोहणं आपोआप अंगात भिनतं. या खेळात तेच लागतं: गोलकीपर सोडून कुणालाही तळाला पाय टेकवून खेळता येत नाही आणि 8 मिनिटांचे चार क्वार्टर पाण्यातच काढायचे असतात. ही पोरं डोकं वर ठेवून पोहतात म्हणून जलतरणाचे प्रशिक्षक त्यांना रागावतात. इथे डोकं वर हवंच, चेंडू आणि समोरचा खेळाडू दोन्ही दिसले पाहिजेत. कमी पडतो तो दम, तो रोजच्या लॅप मारून वाढतो.

सगळा जोर आधी पायांवर द्या. शूटिंगची घाई नको, पोरं कितीही मागे लागली तरी. एगबीटर किक, म्हणजे अंडं फेटल्यासारखे पाय गोल फिरवत पाण्यात उभं राहणं, शिकवताना आधी काठावर बसवून गुडघ्यापासून खालचे पाय पाण्यात सोडायला सांगा. गुडघे फाकलेले, पावलं बाहेर वळलेली, पंजे नडगीकडे ओढलेले. मग एकेक पाय आळीपाळीने बाहेरून आत गोल फिरवायचा. दोन्ही पाय एकदम मारले की अंग वरखाली हेलकावतं. आळीपाळीने मारले की खांदे एका पातळीत राहतात आणि पास नेमका जातो. खोल पाण्यात आल्यावर आधी मनगटं बाहेर, मग कोपरं. ते जमलं की पाच लिटरचा कॅन थोडं पाणी भरून डोक्यावर धरायला द्या. कुणाचा गुडघा दुखला तर किक थांबवा आणि पावलाची दिशा तपासा, दुखणं बहुतेक वेळा तिथलंच असतं.

खेळ तलावाच्या खोल भागात, आडवा लावा. एका बाजूला सात जण मावत नसतील तर चार-चार खेळवा, नव्या संघाला तेच बरं, चेंडू प्रत्येकाच्या हाती येतो. गोलपोस्ट विकत आणू नका. आतून 3 मीटर रुंद आणि पाण्यावर 90 सेंटिमीटर उंच चौकट पीव्हीसी पाइपची करून घ्या, मागे जाळी बांधा. जळगावात पाइपांना काय तोटा! पैसे चेंडूंवर आणि कान झाकणाऱ्या टोप्यांवर खर्च करा. पुरुषांचा चेंडू 400 ते 450 ग्रॅमचा असतो, मुलींचा थोडा लहान.

कबड्डी आणि हँडबॉलची पोरं आवर्जून बोलवा, पण आधी त्यांचं पोहणं स्वतः तपासून घ्या. हँडबॉलवाल्याचा हात तयार असतो, एका हाताने झेलताना चेंडूसोबत हात मागे न्यायचा एवढंच शिकवायचं. कबड्डीवाला अंगाला अंग भिडवायला कचरत नाही, मात्र त्याला पहिल्या दिवशीच बजावा: ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला धरलं, बुडवलं किंवा मागे ओढलं तर पंच बाहेर काढतो, आणि एकाच खेळाडूचे असे तीन मोठे फाऊल झाले की त्याच्यापुरता सामना संपला. नखं कापलेली हवीत. अंगाला तेलही चालत नाही, तेव्हा डोक्याला चपचपीत तेल लावून येणाऱ्यांना आधी शॉवरखाली पाठवा.

प्राचार्यांना पटवायचं असेल तर सांगा की 1951 च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने वॉटर पोलोचं सुवर्ण जिंकलं होतं, 1970 मध्ये रौप्य आणि 1982 मध्ये कांस्य. आंतरविद्यापीठ स्पर्धेतही हा खेळ आहे, म्हणजे पोरांना पुढची वाट आहे. मुलींसाठीही पहिल्या दिवसापासून जागा ठेवा, ऑलिंपिकमध्ये त्यांचा वॉटर पोलो 2000 पासून आहे. तलावावर एक बाई कर्मचारी असली आणि पालकांना एकदा सराव बघायला बोलावलं की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

जीवरक्षकाशिवाय सराव नको, विहिरीत तरबेज पोरगाही झटापटीत पाणी पितो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन बघता सकाळी सात-साडेसातच्या आत पाण्याबाहेर या, नाहीतर दिवे असतील तर रात्री उतरा. फक्त रात्रीची वेळ ठरवण्याआधी खेड्यावरून येणाऱ्या पोरांना शेवटच्या एसटीची वेळ विचारा आणि सराव तिच्या अर्धा तास आधी संपवा.