'बधाई दो' आणि देवघरात गेलेल्या सासूबाई

प्रश्न : ताई, रविवारी घरात सगळ्यांनी मिळून 'बधाई हो' परत बघितला, सासूबाई पण पोट धरून हसल्या, म्हणून त्याच जोशात लगेच 'बधाई दो' लावला तर त्या अर्ध्यातच उठून देवघरात गेल्या. ते जाऊ दे, मला एक पटलं नाही. मूल दत्तक घ्यायला सुमीला शार्दूलशी केलेलं लग्न कशाला लागतं? एकटी बाई पण दत्तक घेऊ शकते की. उगाच ओढूनताणून नाही वाटत?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : सासूबाईंना दोष देऊ नका, सिक्वेल तो नावालाच आहे. 2018 च्या 'बधाई हो'मधलं ते दिल्लीचं घर, नीना गुप्ता, गजराज राव, कोणीच नाही. 2022 मध्ये आपल्या दिग्दर्शक हर्षवर्धन कुलकर्णींनी थेट देहरादून गाठलं, महिला ठाण्यातला एकटा पुरुष पोलीस शार्दूल आणि पीटी टीचर सुमी, दोघंही समलिंगी आणि घरच्यांची कटकट थांबावी म्हणून लग्न करतात.

आता तुमचा मुद्दा. बरोबर आहे, एकट्या बाईला मुलगा-मुलगी कोणीही दत्तक घेता येतं (एकट्या पुरुषाला मात्र मुलगी नाही). पण मग कागदावर आई एकटी सुमी. तिची जोडीदार रिमझिम, जी बाळाचे लंगोट बदलणार, रात्री जागणार, ती कोण? भाडेकरू? आपल्याकडे जोडीनं दत्तक घ्यायचं तर नवरा-बायकोच लागतात, त्यातही लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा धाक 6 सप्टेंबर 2018 ला गेला खरा, पण 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला नाही आणि दत्तकाचं पण 3 विरुद्ध 2 नं बारगळलं. म्हणजे पिक्चर येऊन दीड वर्ष उलटून गेलं तरी सुमी होती तिथेच. म्हणून मला ते ओढूनताणून वाटत नाही, उलट सगळ्यात खरं तेच वाटतं.

प्रश्न : रिमझिम ईशान्येकडची, हे फक्त दाखवायला का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही रे. रिमझिमचं काम करणारी चुम दरांग खरीच अरुणाचलची आहे, नाहीतर 2014 मध्ये मणिपूरच्या बॉक्सर मेरी कोमचा रोल पण प्रियांका चोप्रानं केला होता हे आठव. इथे रिमझिम पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, सुमी सॅम्पल द्यायला येते आणि तिथेच ओळख होते, बास, 'बघा आम्ही ईशान्य दाखवतोय' असा आव नाही. माझी कुरकुर वेगळीच आहे, ठाकूर आणि सिंग अशी आडनावं जुळवून ठेवली की जातीचा प्रश्न आपोआप सुटतो, आणि एवढ्या धीट पिक्चरनं तिथे गुपचूप सोपी वाट धरली.

आणि अमरावतीच्या ताई, सासूबाईंना शेवट तरी दाखवा. बाळाची पूजा असते, आई-बाप बसलेले, रिमझिम बाजूला उभी आणि शार्दूल तिलाही पूजेला बसवतो. पूजा आहे म्हटल्यावर येतील बाहेर.